केळीपासून बेंटिंकपर्यंत: हे सगळे कॅव्हेंडिश एकाच घरचे आहेत का?

तापीकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. यंदा रोपांची मागणी नोंदवताना हाती आलेल्या माहितीपत्रकात जी-नाइन हा वाण ‘कॅव्हेंडिश गटातील’ असल्याचे छापलेले होते. हा शब्द आजवर शेकडो वेळा कानावरून गेला असेल; पण या वेळी शेजारी माझी पुतणी बसलेली होती. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी असून तिने लगेच विचारले, “काका, केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा आणि आपली केळी एकाच माणसाच्या नावाची का?” मला उत्तर देता आले नाही.

शोध घेऊ लागलो तसा गोंधळ वाढतच गेला. पृथ्वीचे वजन काढणारे हेन्री कॅव्हेंडिश निराळे, प्रयोगशाळेला पैसे देणारे निराळे, केळीला ज्यांचे नाव मिळाले ते आणखी निराळे. शिवाय शाळेत सतीबंदीच्या धड्यात भेटलेले लॉर्ड विल्यम बेंटिंक यांचेही पूर्ण आडनाव कॅव्हेंडिश-बेंटिंक असल्याचे दिसले. हे सगळे एकाच घराण्यातील आहेत का, आणि असल्यास कोण कोणाचे कोण लागते, हे कोणी समजावून सांगेल काय?

आणखी दोन शंका आहेत. या घराण्याच्या प्रमुखाला ‘ड्यूक ऑफ डेव्हनशर’ म्हणतात, परंतु त्यांचा चॅट्सवर्थ हा मुख्य वाडा डर्बीशर परगण्यात, म्हणजे डेव्हनपासून इंग्लंडच्या दुसऱ्याच भागात आहे. असे का? शेवटची शंका थोडी घरगुती आहे. आमच्या पणजोबांच्या एकट्याच्या नावे असलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आज सतरा नावे आहेत आणि बांधावरची भाऊबंदकी वेगळीच. या लोकांनी १५४९ साली विकत घेतलेली मालमत्ता पावणेपाचशे वर्षे एका हाती कशी राहिली?

जुनेदप्तर

तापीकाठ, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. आपण नावे घेतलेले चौघेही एकाच वंशवृक्षावरचे आहेत. मात्र बेंटिंक हे लेकीच्या बाजूने आलेले आहेत. क्रम लावायचा तर मुळापासून सुरुवात करावी लागेल, म्हणून हा प्रतिसाद लांबणार आहे.

कॅव्हेंडिश हे सफक परगण्यातील एका खेड्याचे नाव आहे. त्या गावावरून आडनाव घेतलेले सर जॉन कॅव्हेंडिश हे राजाचे सरन्यायाधीश होते आणि १३८१च्या शेतकऱ्यांच्या बंडात जमावाने त्यांचा शिरच्छेद केला. पुढची दीडशे वर्षे या घराचे विशेष काही ऐकू येत नाही. मग आठव्या हेन्रीने ख्रिस्ती मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी सरकारजमा करण्यास प्रारंभ केला आणि त्या मठांची मोजदाद करणाऱ्या अधिकाऱ्यांत विल्यम कॅव्हेंडिश नावाचा एक हुशार हिशेबनीस होता. मठांच्या जमिनी मोजता मोजता त्यातील काही स्वतःच्याही पदरात कशा पडतील याची त्याने व्यवस्था केली. १५४६ साली तो राजाच्या खासगी खजिन्याचा खजिनदार झाला. आपल्याकडच्या जुन्या कारकुनी घराण्यांच्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा चढता आलेख ओळखीचा वाटेल.

मात्र या घराण्याचा ‘मूळपुरुष’ कोण, असे विचारल्यास मी विल्यमचे नाव घेणार नाही. तो मान त्याच्या तिसऱ्या बायकोचा आहे. एलिझाबेथ हार्डविक, जिला इतिहास ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणून ओळखतो, ही डर्बीशरमधील एका मध्यम जमीनदाराची मुलगी होती. वडील ती लहान असतानाच वारले. पहिले लग्न कोवळ्या वयात झाले आणि नवराही लवकरच गेला. विल्यमशी तिचा विवाह २० ऑगस्ट १५४७ रोजी लेस्टरशरमधील ब्रॅडगेट येथे झाला, आणि तो मध्यरात्रीनंतर दोन वाजता लागला, अशी नोंद नवरदेवाने स्वतःच्या वहीत करून ठेवली आहे. हिशेबनीसच तो, लग्नाची वेळदेखील टिपून ठेवल्याशिवाय त्याला राहवले नसावे. बायकोच्या आग्रहामुळे त्याने दक्षिणेकडील आपल्या जमिनी देऊन तिच्या माहेरच्या परगण्यात जमिनी घेण्यास सुरुवात केली, आणि १५४९ साली चॅट्सवर्थची जहागीर ६०० पौंडांना विकत घेतली. म्हणजे आपण ज्या मालमत्तेविषयी विचारता आहात, ती मुळात सासुरवाडीच्या ओढीने घेतलेली आहे.

१५५७ साली विल्यम वारला तेव्हा खजिन्याच्या हिशेबात पाच हजारांहून अधिक पौंडांची तूट निघाली आणि ती बेसच्या गळ्यात पडली. तिने ती निस्तरली. तिसरा नवरा सर विल्यम सेंट लो हा राणीच्या अंगरक्षकांचा कप्तान. त्याने आपली मालमत्ता तिच्या नावे करून ठेवली. चौथा नवरा श्रूझबरीचा सहावा अर्ल (हा ड्यूकहून खालच्या दर्जाचा सरदारी किताब) जॉर्ज टॅल्बट, इंग्लंडमधील अत्यंत धनाढ्य सरदारांपैकी एक. या विवाहाच्या वेळी तिने जे केले त्याला मराठीत नेमका शब्द आहे, साटेलोटे. तिचा थोरला मुलगा हेन्री आणि अर्लची मुलगी, तसेच तिची मुलगी मेरी आणि अर्लचा मुलगा गिल्बर्ट, अशी दोन लग्ने १५६८ साली लावण्यात आली. आपल्याकडे साट्यालोट्यात दोन जोडपी असतात. इथे व्याही आणि विहीणसुद्धा नवरा-बायको असल्याने ती तीन झाली.

पुढे १५६९पासून १५८४पर्यंत स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला नजरकैदेत सांभाळण्याचे काम श्रूझबरीकडे आले. या राजकैद्याचा खर्च सरकारकडून पुरेसा मिळत नसे, संशयाचे वातावरण कायमचे, आणि त्यात हा संसार मोडला. सुरुवातीची काही वर्षे मात्र राणी मेरी आणि बेस शेजारी बसून भरतकाम करीत असत. त्यांच्या हातचे ते काम आजही जपून ठेवलेले आहे.

१५९० साली श्रूझबरी वारला आणि साठीच्या घरातल्या बेसने माहेरच्या गावी नवा वाडा बांधण्याचे काम जोरात सुरू केले. तो हार्डविक हॉल. भिंतींपेक्षा काचाच अधिक, अशी त्याची ख्याती आहे. मनोऱ्यांच्या कठड्यांवर दगडात कोरलेली ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरे, म्हणजे एलिझाबेथ श्रूझबरी, मैलभर अंतरावरून वाचता येतात. १६०८ साली ती वारली. थोरल्या हेन्रीशी तिचे बिनसले होते, म्हणून तिची बरीचशी संपत्ती दुसरा मुलगा विल्यम याला मिळाली. चॅट्सवर्थवरचा थोरल्याचा हक्कही विल्यमने त्याच्याकडून नंतर विकत घेतला. हाच विल्यम १६१८ साली डेव्हनशरचा पहिला अर्ल झाला, आणि डेव्हनशरचे सगळे ड्यूक त्याचे वंशज आहेत. तिसरा मुलगा चार्ल्स याची शाखा न्यूकॅसलच्या ड्यूकपदापर्यंत गेली.

नकाशावेडा

जुनेदप्तर यांनी इतके सविस्तर लिहिले आहे की मी फक्त दुसऱ्या प्रश्नापुरते बोलतो.

डर्बीशरमध्ये राहणाऱ्या माणसाला डर्बी हा किताब का मिळाला नाही? कारण तो आधीच गेलेला होता. ‘अर्ल ऑफ डर्बी’ हा किताब १४८५पासून स्टॅनली घराण्याकडे आहे, आणि गंमत म्हणजे त्यांचे मुख्य ठाणे लँकशरमध्ये होते. डेव्हनशर हा किताब मात्र १६०६ साली, तो धारण करणारा चार्ल्स ब्लाउंट औरस वारस न ठेवता वारल्यामुळे, मोकळा झालेला होता. पहिल्या जेम्सच्या दरबारात किताब रोख मोजून मिळत असत आणि कॅव्हेंडिशांनी या अर्लपदासाठी दहा हजार पौंड मोजल्याचे सांगतात. दस्तऐवज लिहिणाऱ्या कारकुनाने ‘डर्बीशर’ऐवजी चुकून ‘डेव्हनशर’ लिहिले, अशीही एक दंतकथा आहे. परंतु डर्बीचे अर्ल हयात असताना एवढी मोठी रक्कम मोजणारा मनुष्य कागद न वाचता घरी जाईल, हे मला पटत नाही.

डेव्हनचे खरे जुने अर्ल म्हणजे कोर्टनी घराणे. त्यांचा किताब १५५६ साली संपला असेच सर्वांनी धरले होते. पुढे १८३१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कोर्टनींच्या दुसऱ्या शाखेकडे चालत आलेला असल्याचे मान्य केले. त्यामुळे आज इंग्लंडमध्ये ‘अर्ल ऑफ डेव्हन’ही आहेत आणि ‘ड्यूक ऑफ डेव्हनशर’ही आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ड्यूकच्या थोरल्या मुलाला बाप हयात असेपर्यंत ‘मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन’ म्हणण्याची प्रथा आहे. १८८० ते १८८२ या काळात भारतमंत्री असलेले लॉर्ड हार्टिंग्टन म्हणजे पुढे झालेले आठवे ड्यूकच. नाव बदलले म्हणजे माणूस बदलला असे समजून मी स्वतः एकदा वंशावळीत एक पिढी जास्तीची घातली होती!

प्रयोगवही

मी तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे आपल्या पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

चौथा अर्ल १६९४ साली पहिला ड्यूक झाला. १६८८ साली हॉलंडच्या विल्यमला इंग्लंडवर चालून येण्याचे निमंत्रण देणाऱ्या गुप्त पत्रावर सह्या करणाऱ्या सात जणांपैकी तो एक होता. त्याचे हे बक्षीस. ‘सावधपणाने सुरक्षित’ हे या घराचे लॅटिन ब्रीदवाक्य आणि वेटोळे घातलेला साप हे चिन्ह. पण याच गृहस्थाने राजवाड्यात एका कर्नलचे नाक धरून त्याला ओढत नेले होते आणि त्यापायी त्याला ३० हजार पौंडांचा दंड झाला होता. दंड भरण्याऐवजी तो चॅट्सवर्थला निघून गेला आणि वाडा नव्याने बांधू लागला.

दुसऱ्या ड्यूकला दोन मुलगे आपल्या कामाचे: एक तिसरा ड्यूक आणि दुसरे लॉर्ड चार्ल्स. लॉर्ड चार्ल्स यांचे चिरंजीव हेन्री कॅव्हेंडिश (१७३१ ते १८१०), म्हणजे चौथ्या ड्यूकचे सख्खे चुलतभाऊ. हायड्रोजन हा स्वतंत्र वायू आहे हे त्यांनी १७६६ साली दाखवले. १७९८ साली त्यांनी आपल्या क्लॅपम येथील घरी पृथ्वीची घनता मोजली. सहा फुटांच्या दांडीच्या दोन टोकांना दोन लहान शिशाचे गोळे, आणि त्यांना किंचित ओढणारे प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे. स्वतःच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलू नये म्हणून ते खोलीबाहेर उभे राहून दुर्बिणीतून निरीक्षण करीत. पृथ्वी पाण्याच्या सुमारे साडेपाच पट घन आहे हे त्यांचे उत्तर आजच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. स्वभावाने ते इतके भिडस्त होते की घरातील मोलकरणींशी न बोलता चिठ्ठ्या लिहून सूचना देत. लग्न केले नाही. प्रचंड संपत्ती होती, आणि तिचा मोठा वाटा चौथ्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव लॉर्ड जॉर्ज यांना मिळाला.

इथून धागा प्रयोगशाळेकडे जातो. लॉर्ड जॉर्ज यांचा नातू पुढे सातवा ड्यूक झाला. हे सातवे ड्यूक केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरे आलेले, आणि पुढे तीस वर्षे त्याच विद्यापीठाचे कुलपती. विद्यापीठाला प्रायोगिक भौतिकीसाठी इमारत हवी होती तेव्हा त्यांनी ती बांधून दिली. १८७४ साली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा सुरू झाली. एवढेच नव्हे, तर हेन्री यांचे विजेवरील अप्रकाशित कागद पहिले प्राध्यापक मॅक्सवेल यांच्या स्वाधीन केले गेले आणि मॅक्सवेल यांनी ते १८७९ साली संपादून छापले. ओहमच्या कितीतरी आधी तोच नियम या भिडस्त गृहस्थाने टिपून ठेवला होता आणि कोणाला सांगितला नव्हता, हे तेव्हा जगाला कळले. आपले होमी भाभा याच प्रयोगशाळेत घडले, हे पुतणीला ठाऊक असेलच.

आता केळी. सहावे ड्यूक (१७९० ते १८५८) आजन्म अविवाहित होते आणि त्यांना झाडांचे वेड होते. त्यांनी जोसेफ पॅक्स्टन या अवघ्या २२ वर्षांच्या मुलाला १८२६ साली मुख्य माळी नेमले. पॅक्स्टनने स्वतः सांगितलेली पहिल्या दिवसाची हकिकत अशी: पहाटे साडेचारला तो चॅट्सवर्थला पोहोचला, तेव्हा फाटके बंद होती, म्हणून तो भिंतीवरून चढून आत उतरला, सगळी बाग पायाखाली घातली, सहा वाजता माणसांना कामाला लावले, मग वाड्याच्या कारभारणीकडे न्याहारीला गेला, तिची भाची तिथे होती, आणि नऊ वाजायच्या आत दोघे एकमेकांच्या प्रेमात पडले. पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले. याच माळ्याने ड्यूकसाठी २७७ फूट लांबीचे काचघर उभारले आणि त्या अनुभवावर १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस बांधला. मॉरिशसहून इंग्लंडात आलेले केळीचे एक बुटके रोप त्याने १८३०च्या सुमारास मिळवले. ते नोव्हेंबर १८३५मध्ये निसवले, आणि मालकाच्या आडनावावरून त्याला ‘म्युसा कॅव्हेंडिशाय’ हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला झाडे आणण्यासाठी कलकत्त्याला पाठवले, आणि तो खासी टेकड्यांतून शेकडो ऑर्किड घेऊन १८३७ साली परतला.

तात्पर्य, वजन करणारे हेन्री, केळीवाले सहावे ड्यूक आणि प्रयोगशाळेचे सातवे ड्यूक ही तीन वेगळी माणसे आहेत, परंतु घर एकच.

तापीकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुतणीला सगळे वाचून दाखवले; चिठ्ठ्या लिहिणारे हेन्री तिला फार आवडले. बेंटिंक यांचे नाते आणि वाटणीची शंका मात्र अजून शिल्लक आहे. सहावे ड्यूक अविवाहित होते, तरी मालमत्ता फुटली नाही, हे कसे?

दिवाणी_दावा

मी दिवाणी न्यायालयात वकिली केली आहे, त्यामुळे वाटणीच्या प्रश्नाकडे वळतो.

आपल्याकडील मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो, त्यामुळे प्रत्येक पाळण्यागणिक एक वाटेकरी वाढतो. इंग्लंडच्या सरदार घराण्यांत नेमके उलट होते. जमीन थोरल्या मुलाकडे जायची, आणि तीही पूर्ण मालकीने नव्हे. कौटुंबिक करारनाम्याने त्याला केवळ तहहयात उपभोगाचा हक्क मिळे. तो विकू शकत नसे, वाटू शकत नसे. त्याचा मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप-लेक एकत्र बसून नवा करारनामा करीत, आणि मिळकत आणखी एका पिढीपुरती बांधली जाई. धाकट्यांना रोख रक्कम, मुलींना हुंडा, विधवेला ठरावीक वार्षिक नेमणूक. जमीन मात्र एकालाच. धाकट्या मुलांवर हा अन्याय होता यात संशय नाही, आणि या नेमणुकांपायी मिळकतीवर कर्जाचा बोजाही चढत जाई. सातबारा एका नावाचा राहिला, पण ‘इतर हक्क’ हा रकाना भरगच्च असे, असे म्हणा ना.

निपुत्रिक गेल्यास मालमत्ता पुरुषवंशातील जवळच्या शाखेकडे आडवी सरके. १८५८ साली सहाव्या ड्यूककडून ती चुलत पुतण्याकडे गेली. मात्र त्या पुतण्याची दिवंगत पत्नी ब्लँच ही सहाव्या ड्यूकच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती, त्यामुळे पुढचे सगळे ड्यूक दोन्ही बाजूंनी घरचेच ठरले. १९०८ साली आठव्या ड्यूककडून ती पुतण्याकडे गेली. आठव्याचा धाकटा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक आधीच गेलेला होता. आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून डब्लिनला पोहोचला त्याच दिवशी, ६ मे १८८२ रोजी, फीनिक्स पार्कमध्ये त्याचा खून झाला.

जुनेदप्तर यांच्या एका सुरात मी थोडी दुरुस्ती सुचवतो. बेसचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण इस्टेट वाढली ती भाऊ नसलेल्या सुनांमुळे. याचे ठळक उदाहरण शार्लट बॉइल. बर्लिंग्टनच्या तिसऱ्या अर्लची वारस मुलगी. १७४८ साली चौथ्या ड्यूकशी, जे पुढे १७५६-५७मध्ये पंतप्रधान झाले, तिचा विवाह झाला, आणि वयाच्या अवघ्या २३व्या वर्षी देवीच्या साथीत ती वारली. तेवढ्या सहा वर्षांत या घरात चार मुले आली, आणि तिच्या माहेरची चिझिक हाउस, लंडनचे बर्लिंग्टन हाउस, यॉर्कशरमधील बोल्टन ॲबी आणि आयर्लंडमधील लिस्मोर किल्ला ही सारी मिळकतही आली. तिची एकुलती एक मुलगी डॉरथी ही पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकची पत्नी, आणि तिचे दुसरे चिरंजीव म्हणजे आपले लॉर्ड विल्यम बेंटिंक. म्हणजे सतीबंदीचा १८२९ सालचा कायदा करणारे गव्हर्नर जनरल हे शार्लटचे नातू. ‘कॅव्हेंडिश’ हे त्यांच्या आडनावात आईच्या माहेरावरून आले असे अनेकांना वाटते. परंतु पोर्टलंडच्या घरात वडिलांची आईसुद्धा मार्गारेट कॅव्हेंडिश हार्ली, म्हणजे बेसच्या तिसऱ्या मुलाच्या न्यूकॅसल शाखेची वारस होती. बेंटिंक यांच्यात हा वंश दोन्हीकडून उतरला आहे.

या एकसंध इस्टेटीला खरा सुरुंग लागला तो मृत्युकराने. नवव्या ड्यूकवर १९०८नंतर पाच लाख पौंडांहून अधिक कर बसला. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने छापलेली दुर्मीळ पुस्तके अमेरिकेत विकली गेली, पिकॅडिलीवरचे डेव्हनशर हाउस १९२० साली विकले गेले आणि पुढे पाडले गेले. त्याचे लोखंडी फाटक आज लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये उभे आहे. पॅक्स्टनचे ते भव्य काचघरही १९२०मध्येच सुरुंग लावून पाडले. पहिल्या महायुद्धात बॉयलरना कोळसा न मिळाल्याने आतली झाडे मेलेलीच होती.

दुसरा घाव अधिक क्रूर होता. दहाव्या ड्यूकने, जे १९४० ते १९४२ या काळात भारत आणि ब्रह्मदेश खात्याचे उपमंत्री होते, करातून सुटका व्हावी म्हणून १९४६ साली मालमत्ता मुलाच्या नावे केली. देणाऱ्याने त्यानंतर पाच वर्षे जगणे आवश्यक होते. २६ नोव्हेंबर १९५० रोजी, मुदत भरण्यास थोडेच आठवडे उरले असताना, ईस्टबर्नच्या घरी लाकडे फोडता फोडता ते कोसळले. वय ५५. कर ८० टक्के. हिशेब पुरता मिटायला १९७४ उजाडले.

जुनेदप्तर

दिवाणी_दावा यांची दुरुस्ती मान्य आहे. भाऊ नसलेल्या सुनांचा मुद्दा मी लिहायला हवा होता. त्यांच्या माहितीत दोन गोष्टींची भर घालतो, कारण तारखांच्या हिशेबामागे माणसे होती.

पाचव्या ड्यूकची पत्नी जॉर्जियाना स्पेन्सर. ७ जून १७७४ रोजी, तिच्या सतराव्या वाढदिवशी, लग्न झाले आणि वारस मुलगा व्हायला सोळा वर्षे लागली. दरम्यान जुगाराची कर्जे, १७८४च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत रस्त्यावर उतरून केलेला प्रचार, आणि घरातच राहणारी मैत्रीण लेडी एलिझाबेथ फॉस्टर, जी ड्यूकच्या मुलांची आई झाली आणि जॉर्जियाना वारल्यावर १८०९ साली त्याची पत्नीही. ड्यूकला ही मोकळीक होती. जॉर्जियानाला मात्र चार्ल्स ग्रे यांच्यापासून १७९२ साली झालेली मुलगी ग्रेंच्या आईवडिलांकडे सोडून द्यावी लागली. ग्रे पुढे पंतप्रधान झाले. त्यांच्या कारकिर्दीत १८३३चा सनदी कायदा झाला आणि त्यानुसार बेंटिंक हे ‘भारताचे’ पहिले गव्हर्नर जनरल ठरले. बेंटिंक म्हणजे जॉर्जियानाच्या नणंदेचे चिरंजीव, तेव्हा नात्याने ती त्यांची मामी. लंडनची सत्ता त्या काळी किती थोड्या दिवाणखान्यांत फिरत होती, याची यावरून कल्पना यावी.

दुसरी गोष्ट १९४४ची. दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा विल्यम याने ६ मे रोजी कॅथलीन केनेडी हिच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ती कॅथलिक, आणि हे घर पिढ्यान्‌पिढ्या प्रॉटेस्टंट. तिच्या आईला हे लग्न अजिबात मान्य नव्हते. सप्टेंबरमध्ये विल्यम बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. १९४८ साली विमान अपघातात कॅथलीनही गेली. चॅट्सवर्थलगतच्या गावात तिची कबर आहे. गावाचे नाव लिहितात ‘एडन्सर’, म्हणतात ‘एन्झर’. जून १९६३मध्ये तिचा भाऊ, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी, तिथे येऊन गेला. थोरला गेल्यामुळे किताब धाकट्या अँड्र्यूकडे आला, आणि करही.

अँड्र्यू आणि त्यांची पत्नी डेबोरा यांनी तो फेडला तो हजारो एकर जमीन आणि निवडक चित्रे देऊन. बेसचा हार्डविक हॉल सरकारजमा होऊन १९५९ साली नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेला. तिथे शेवटपर्यंत राहत होत्या त्या नवव्या ड्यूकच्या विधवा पत्नी एव्हलिन, आपल्याकडे १८८८ ते १८९४ व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कन्या. वाड्यातील जुने गालिचे आणि भिंतींवरची चित्रवस्त्रे त्या स्वतः सुईदोरा घेऊन रफू करीत असत. चॅट्सवर्थ १९८१पासून एका धर्मादाय न्यासाच्या ताब्यात आहे. कुटुंब तिथे राहते ते भाडे भरून.

तापीकाठ

शेवटचे एकच विचारतो. आमच्या बागेतली रोपे म्हणजे त्या ड्यूकच्या काचघरातील केळीचीच लेकरे म्हणायची का?

प्रयोगवही

नाही. ही केळी बिनबियांची असल्याने तिचे प्रत्येक रोप मुनव्यातून किंवा ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चर), म्हणजे आईची हुबेहूब प्रत म्हणून येते, त्यामुळे असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. चॅट्सवर्थची रोपे जॉन विल्यम्स या मिशनऱ्याबरोबर १८३९च्या सुमारास सामोआला गेली आणि तिथून पॅसिफिकमधील इतर बेटांवर पसरली. परंतु या गटातील केळीचे मूळ घर दक्षिण चीनच्या बाजूला मानतात आणि तिथून ती अनेक वाटांनी जगभर गेली. आपली जुनी बसराईही बुटक्या कॅव्हेंडिशपैकीच. तिला इंग्लंडचा वळसा घालून येण्याचे काही कारण नव्हते. ग्रँड नैन, म्हणजे आपली जी-नाइन, ही त्याच गटातील आणखी एक बहीण. ड्यूककडून तुमच्या बागेत आले ते फक्त नाव. चॅट्सवर्थच्या काचघरात मात्र आजही केळीला घड लागतात.